मदत हवी आहे: आई (वय 66) आणि 9 वर्षांच्या लेकीला घेऊन सांदण दरी

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिकहून सांदणला, म्हणजे भंडारदऱ्याजवळच्या त्या अरुंद, खोल घळीत जायचं म्हणतोय. मी, बायको, लेक आणि आई. घोटी-बारी-शेंडीमार्गे साम्रद, शनिवारी गावातच मुक्काम आणि रविवारी सकाळी दरीत. रॅपलिंगचा (दोराने कडा उतरायचा) पहिला टप्पा लागतो तिथवर जायचं आणि आल्या वाटेने परत. खाली कोकणातल्या देहण्याला उतरायचं मनातही नाही.

6 वर्षांपूर्वी डिसेंबरात मी मित्रांबरोबर गेलो होतो. तेव्हा पहिल्या डोहात गुडघाभर पाणी होतं, दुसऱ्यात कमरेपर्यंत. ऊन तळाशी फारसं पोचत नसल्याने पाणी इतकं गार की पाय बधिर झाले. पुढे एका मित्राचा पाय दोन धोंड्यांच्या फटीत गेला आणि घोटा मुरगळला. मोबाइलला रेंज नाही, आणि घळ काही ठिकाणी इतकी अरुंद की त्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यायलाही जागा नव्हती. वर आणायला तीन तास लागले. म्हणूनच या वेळी आधी विचारतोय.

आईबद्दल सांगतो. तिचा उजवा गुडघा दुखतो, तरी पांडवलेणीच्या पायऱ्या ती आठवड्यातून दोनदा न थांबता चढते. उतरताना मात्र अंग तिरपं करून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत येते. सांदणला नेमकी हीच अडचण आहे. किल्ल्यावर आधी चढण असते, दमलं तर मागे फिरता येतं. इथे ताज्या पायांनी आपण उतरत जातो आणि धोंड्यांवरची चढण शेवटी, दमल्यावर येते. त्यामुळे कुठून मागे फिरायचं हे निघण्याआधीच ठरवायला हवं.

मग न्यायचंच कशाला, असं घरात विचारून झालंय. आम्ही घोटीकडे गेलो की आई गाडीतूनच कळसूबाईला हात जोडते. आयुष्यभर तिने डोंगर असेच काचेतून पाहिले. सांदणचा माझा फोटो, दोनशे फुटांहून उंच कड्यांमधली आभाळाची चिंचोळी पट्टी, बघून ती म्हणाली, "हे आपल्याकडचंच का रे?" तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

जाणकारांनी कृपया सांगा:

यंदा डोहांत पाणी किती आहे? कडेच्या दगडांवरून डोह टाळता येतो का, की आईला पाण्यातूनच न्यावं लागेल? कमरेइतकं पाणी असेल तर आम्ही पहिल्या डोहापासूनच मागे फिरू, तेवढ्यातही तिला घळ दिसेल.

साम्रदमधला वाटाड्या घ्यायचाच आहे. आईसाठी एक आणि लेकीसाठी एक असे दोघं घ्यावेत का? लेक धोंड्यांवर खारीसारखी पळते, मला खरं तर तिचीच जास्त धास्ती आहे.

मुक्कामाला कमोड असलेलं घर मिळेल का? पिठलं-भाकरी कुठेही मिळेल, पण आईला खाली बसता येत नाही आणि याच कारणाने ती बाहेर राहायला नाही म्हणते.

घळीत आग्या मोहोळं सध्या कुठे आहेत? अत्तर, धूर, आरडाओरडा यातलं काही आमच्याकडून होणार नाही.

अवकाळीचं सावट दिसलं तर बेत रद्द. साम्रदच्या पठारावरचं पाणी याच घळीतून कोकणात उतरतं, वर सर आली तर आत पळायला जागा नाही. मग रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेऊन भंडारदरा धरणाच्या काठाने परत येऊ.

आई रोज संध्याकाळी काठी घेऊन गल्लीतल्या खडीच्या ढिगावर चालायचा सराव करते. मी तिला अजून "नक्की" म्हटलेलं नाही. गेल्या पंधरा दिवसांत कोणी जाऊन आलं असेल तर दुसऱ्या डोहाचा फोटो टाकाच.