मुंबई ते नेवार्क: थेट विमानाला खरे तास किती?

सातारकर_07:
ताईचं बाळंतपण मे महिन्यात, न्यू जर्सीला. आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. तिकिटावर मुंबईहून रात्री 1:30 ला सुटून त्याच तारखेला सकाळी 8 ला नेवार्क (न्यू जर्सीतला विमानतळ) असं दिसतंय. परतीला मात्र दुपारी 4 ते दुसऱ्या दिवशी दुपारी 3:30. बाबा इन्सुलिन घेतात, म्हणून खरे तास हवेत.

एडिसनची_माई:
तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मे महिन्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे जाताना साडेसहात साडेनऊ मिळवा, 16 तास. येताना साडेतेवीसमधून साडेनऊ वजा करा, 14 तास. (हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो.)

अंतर दोन्हीकडून साधारण 12,500 किमीच. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना विमानाला ते समोरून लागतात, येताना पाठीमागून ढकलतात. शिवाय पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, सगळ्यात जवळची वाट रशिया, नॉर्वे, आइसलँडवरून जाते. प्रत्यक्षात तशी वाट दर वेळी मिळत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा पडायला लागला.

आता बाबांचं. जाताना त्यांचा तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो. त्यामुळे "रोज रात्री 9 ला" असं घड्याळ बघून इन्सुलिन घेऊन चालणार नाही. तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि भारतीय वेळेनुसार कुठला डोस कधी, ते कागदावर लिहून घ्या. बाबांनी एक घड्याळ नेवार्कला उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवावं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सामानाच्या डब्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

सातारकर_07:
माई, खूप आभार! घरातून निघाल्यापासून ताईच्या दारापर्यंत किती धरू?

एडिसनची_माई:
सातारा ते मुंबई विमानतळ सहा तास धरा, घाट आणि पनवेलची गर्दी आहेच. उड्डाणाआधी चार तास पोचा. मग 16 तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दोन. तीस तासांच्या आसपास जातात. व्हीलचेअर आत्ताच नोंदवून ठेवा. आईंना संकोच वाटेल, तरी नोंदवाच. लांबच लांब रांगेत उभं राहून पाय सुजतात. विमानातही दोघांनी दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारायची, म्हणून मधल्या वाटेलगतची सीट घ्या.

पनवेलचा_प्रवासी:
बाबांसाठी मधुमेहाचं जेवण विमान कंपनीकडे आधी सांगून ठेवा, बहुतेक ठिकाणी किमान 24 तास आधी कळवावं लागतं. तरी दशम्या, खाखरा जवळ असू द्या. ताजी फळं मात्र नकोत, अमेरिकेत उतरताना काढून घेतात.