पान ११ : माऊ माऊ भरपाईचा आकडा (तातडीचं)

प्रेषक: अंक समिती
छापखान्याला उद्या सकाळी फाइल हवी आहे. पान ११ वर, माऊ माऊच्या (१९५० च्या दशकात केनियात ब्रिटिशांविरुद्ध झालेल्या उठावाच्या) लेखात, "ब्रिटिश सरकारनं ५,२२८ केनियन लोकांना प्रत्येकी ३,८०० पौंड दिले" असं आलंय. बरोबर की चूक, एवढंच कळवा. मागच्या वर्षीसारखं भारूड नको.

प्रेषक: खजिनदार
भागाकार बरोबर, वाक्य चूक. ब्रिटिश सरकारनं जाहीर केलेल्या एकूण १ कोटी ९९ लाख पौंडांत दाव्याचा खर्चही धरलेला आहे. ६ जून २०१३ ला तेव्हाचे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत तसं स्पष्ट सांगितलं होतं. खर्च वजा न करता माणशी भागायचं, ही आपली जुनी खोड. हॉलच्या भाड्याच्या वेळी मी हेच ओरडत होतो.

प्रेषक: नाकुरूचे काका
हॉलचं भाडं इथे कशाला? मुळात "भरपाई" शब्दच काढा. छळ झाल्याचं मान्य, खेद मान्य, पण वसाहतीच्या कारभाराची कायदेशीर जबाबदारी आजच्या ब्रिटिश सरकारवर नाही, हेही हेग यांच्या त्याच निवेदनात आहे. मग ती तडजोड झाली.
आमचे वडील रेल्वेत होते. त्यांच्या हाताखालचा किकुयू (तिथल्या एका जमातीचा) फायरमन, उठावामुळे ब्रिटिशांनी केनियात लावलेल्या आणीबाणीत, एक दिवस आलाच नाही. आला तो चार वर्षांनी, लंगडत. वडिलांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. १९८० च्या आसपास वारला. त्याचं नाव कुठल्या यादीत असणार?

प्रेषक: अंक समिती
काका, शीर्षक बदलणार नाही, अनुक्रमणिका लागून गेली आहे. आणि लेख संपादित करायचं काम समितीचं आहे.

प्रेषक: नाकुरूचे काका
समितीत मी १९९८ पासून होतो.

प्रेषक: वेबसाइटवाली
शेवटचा परिच्छेदही बघा. "बाकीच्यांनाही मिळेल" असं लिहिलंय. नंतर ४० हजारांवर लोकांनी दावा लावला होता, तो लंडनच्या हायकोर्टानं २०१८ मध्ये बाद केला. घटना फार जुन्या, मुदत संपली, म्हणून. फोटो नैरोबीतल्या उहुरू पार्कच्या माऊ माऊ स्मारकाचा टाकते, २०१५ चा. त्यालाही पैसे ब्रिटिशांचेच.

प्रेषक: खजिनदार
ते पैसे १ कोटी ९९ लाखांत मिळवू नका म्हणजे झालं.

प्रेषक: अंक समिती
"प्रत्येकी" काढलं. "खर्चासह एकूण" घातलं. शेवटचा परिच्छेद उडवला. "भरपाई" राहील.

प्रेषक: वहिनी (फराळ)
शनिवारी हॉलची किल्ली कुणाकडे आहे?