वाढत्या मुलीचा फ्रॉक: वाढ कुठे धरायची
मुलं भराभर वाढतात म्हणून कपडे दोन साइझ मोठे शिवा असं सुचवलं जातं, पण फ्रॉकला ते चालत नाही. खांदा उतरतो, गळा घसरतो. दोन ते पाच वयात उंची वर्षाला साधारण अडीच इंच वाढते, छाती त्या मानाने जेमतेम. तेव्हा खांदा-गळा मापाचाच ठेवा आणि वाढ लांबीत धरा. घेराला आतून १ इंचाची आडवी टक्स (कापड दुमडून शिवलेली घडी) घातली की २ इंच कापड राखीव राहतं. खाली ३ इंचांची दुमड वेगळी. टक्सची टीप लांब टाक्याची घाला, उसवताना कापड फाटत नाही. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसतेच, तिच्यावर लेस बसवा.

बाजूच्या शिवणीत इंचभर माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) ठेवा, मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या) वळणावर मात्र पाव इंचच. तिथे जास्त ठेवली तर काखेत गोळा होऊन टोचते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सुतीच हवं. कापायच्या आधी ते रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर राखलेली लांबी पहिल्या धुण्यातच आटते. आणि आपल्या सोलापूरचा टेरी टॉवेल (धाग्यांच्या फासांचं जाड कापड) झबल्याला नको, शिवणी फार जाड होतात. लाळेऱ्याला मात्र तो झकास!