‘डिग्निटी’ला मराठीत काय म्हणायचं : प्रतिष्ठा, अब्रू की माणूसपण?

गोदाकाठची : खरं बोलायचं आणि कुणालाही कमी लेखायचं नाही, एवढंच माझं जगण्याचं तत्त्व. नाशिकच्या आमच्या वाचनगटात त्यावर टिपण वाचायचंय. पहिल्यासाठी ‘सत्य’ आहे. दुसऱ्यासाठी ‘प्रतिष्ठा’ लिहिलं की सत्कार-समारंभातली ‘प्रतिष्ठित मंडळी’ डोळ्यांपुढे येतात. दुसरा शब्द?

पंचवटीकर : संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’च आहे. हिंदीत ‘गरिमा’. तो मात्र आणू नका, कृपा करा.

मोडीवाला : शब्दासोबत येणारं क्रियापद बघा. अब्रू जाते, पत जाते, प्रतिष्ठा धुळीला मिळते. ‘अब्रू’ फारसी : आब म्हणजे पाणी, तेज, रू म्हणजे चेहरा. आपल्या ‘पाणउतारा’तही तेच पाणी. जे चढतं ते उतरवता येतं, आणि चढवणारे-उतरवणारे नेहमी चार लोक. लासलगावच्या बाजारात व्यापाऱ्याची पत बघतात, हमालाची कोण विचारतो? तुम्हाला हवा असलेला शब्द दोघांना सारखाच लागू पडला पाहिजे. मी ‘माणूसपण’ म्हणेन. ते नाकारता येतं, तुडवता येतं, पण चार लोकांनी ठरवलं म्हणून जात नाही.

गोदाकाठची : मग ‘माणुसकी’ का नको?

मोडीवाला : माणुसकी दाखवणाऱ्याची असते. तिच्यात थोडा उपकाराचा वास येतो. माणूसपण समोरच्याचं, तुम्ही दाखवा नाहीतर नका दाखवू.

पंचवटीकर : पटलं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं नेटाने चालवला, तरी दारं उघडली नाहीत. प्रश्न देवदर्शनापेक्षा माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता. गावातली ‘प्रतिष्ठा’ तेव्हा दार लावून घेणाऱ्यांकडे होती, म्हणून तो शब्द इथे मला खटकतो. (संविधानाचं भाषांतर करणाऱ्यांना दोष देत नाही. कायद्याला ‘माणूसपण’ जरा घरगुतीच वाटलं असतं.)

सिडकोवाला : पण दोन्ही तत्त्वं एकमेकांच्या अंगावर आली तर? ‘मी तोंडावर खरं बोलतो’ म्हणणारे निम्म्या वेळा पाणउताराच करत असतात.

मोडीवाला : म्हणून महात्मा फुल्यांचा ‘सत्यवर्तन’ मला जास्त आवडतो. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये आलं. त्यातली सत्यवर्तनाची कलमं नुसतं खरं बोलण्यावर थांबत नाहीत. स्त्री-पुरुषांचे समान मानवी अधिकारही त्यातच येतात. म्हणजे ताईंची दोन्ही तत्त्वं एका शब्दात. चारचौघांत एखाद्याची चूक काढून त्याला खाली बघायला लावलंत, तर वाक्य खरं असेल, वर्तन नाही.

गोदाकाठची : शीर्षक मिळालं मग! आत ‘माणूसपण’ वापरते.

सिडकोवाला : ठेवा. फक्त गटातल्या नोकरी शोधणाऱ्या पोरांना आधी सांगा, ‘वर्तन’ म्हटलं की त्यांना पोलीस ठाण्यातला चारित्र्याचा दाखला आठवतो.