उन्हातून आल्यावर होणारी डोकेदुखी

प्रश्न (सांगली):
नमस्कार. माझी आई हळदीच्या हंगामात दिवसभर मार्केट यार्डात काम करते आणि उन्हातून घरी आली की तिच्या दोन्ही कानशिलांत रात्रीपर्यंत ठणका राहतो. दर वेळी गोळी देणे मनाला पटत नाही. घरी काय करता येईल?

उत्तर (तासगाव):
ताई, आई दिवसभरात पाणी किती पितात ते आधी पाहा, कारण शरीरातील पाणी कमी झाले तरी डोके दुखते. आमच्या द्राक्षबागेतल्या बायका तांब्याभर पाण्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ घालून घोट घोट पितात, आणि अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ पडल्यावर बहुतेकींना आराम पडतो.

उत्तर (मिरज):
माझी आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप लावत असे. लेप सुकताना कपाळ ओढल्यासारखे होते आणि नाजूक त्वचेची आग होते, म्हणून तो पातळ लावावा, डोळ्यांपासून दूर ठेवावा आणि झोंबू लागताच धुऊन टाकावा. मला स्वतःला गार पाण्याची पट्टी अधिक भरवशाची वाटते.

उत्तर (सातारा):
गोळीबाबतची आपली शंका रास्त आहे. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. मात्र वेदना अचानक असह्य झाली, तापासोबत मान आखडली किंवा उन्हातून आल्यावर बोलणे असंबद्ध झाले, तर लेप-पट्टीत वेळ न घालवता त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे.