कट, सॅम्पल आणि चौघांच्या दोन मिसळी

मित्रांसोबत खाल्लेल्या मिसळीच्या आठवणी सांगताना ‘मिसळ पावाबरोबरच खरी’ असे कोणी म्हणते, त्यास थोडी पुस्ती जोडतो. कोल्हापुरात मिसळीसोबत पाव नव्हे, तर ब्रेडच्या जाड स्लाइस येतात आणि मोड आलेल्या मटकीवर फरसाण घालून वर लालभडक कट (तिखट रस्सा) ओततात; पुण्यात मात्र त्याच ताटलीत पोहे व बटाट्याची भाजीही सापडते, आणि जादा रश्शाला ‘सॅम्पल’ म्हणतात. आम्ही चौघे विद्यार्थिदशेत दोनच मिसळी मागवून हे सॅम्पल इतक्यांदा मागत असू, की वाढणारे काका (बिचारे!) अखेरीस भांडेच टेबलावर ठेवून जात. आज स्वतंत्र मिसळ परवडते, परंतु रश्श्यावरून भांडायला समोर कोणी नसते.