पुढचा पाय न उचलता घालता येईल असा कुत्र्याचा स्वेटर कसा विणावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे. ज्याला पुढचा पाय उचलला की दुखतं, अशा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी स्वेटर कसा विणायचा? खाली जरा लांबण लागली आहे, पण मापं आणि आजवरचे माझे उपद्व्याप सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

गोटू १३ वर्षांचा आहे. मध्यम चणीचा, तोकड्या केसांचा. मी रोज विणते, आणि इतकी वर्षं त्यातलं निम्मं विणकाम त्याच्या अंगावर नाहीतर अंगाखाली असतं. घरातल्या प्रत्येक स्वेटरमध्ये त्याचे केस विणले गेलेत. आधी वेचत बसायचे, आता लोकरीचा आणखी एक पदर समजून सोडून देते. मी खुर्चीत बसले की तो येऊन गुंड्यावर हनुवटी टेकतो. लोकर ओढायची तर आधी त्याची परवानगी.

त्याच्यासाठी आजवर चार स्वेटर केले, चारही एकाच पद्धतीचे. गळ्यापासून सुरुवात, गोल सुईवर, पुढच्या पायांना दोन भोकं, पोटाखाली दोन सुलट दोन उलटची पट्टी. डोक्यातून घालायचा आणि एकेक पाय वाकवून भोकातून काढायचा. गेल्या थंडीपर्यंत तो आपणहून पाय पुढे करत असे. यंदा उजवा पाय कोपरातून जरा वाकवला तर माझ्यावर गुरगुरला. असं त्याने कधीच केलं नव्हतं. शिवाय त्याला हल्ली कमी दिसतं, त्यामुळे डोक्यावरून काही आलं की तो दचकून मागे सरकतो.

मी काय काय करून पाहिलं: एका जुन्या स्वेटरला पोटाच्या रेषेवर सरळ कात्री लावली (हो, हात थरथरला), कडा मशीनवर शिवून घेतल्या आणि वेल्क्रो लावलं. दोन दिवसांत वेल्क्रोने त्याचे केसही धरले आणि लोकरीचे धागेही उपसले. मग सुती धाग्याचं जाकीट विणलं. त्याला ताण म्हणून नाही, एकदा ओलं झालं की जड होऊन लोंबतं. आणि ओलं होतंच, कारण गोटू आता मागचा पाय उचलून लघवी करत नाही. एका मागच्या पायावर तोल राहत नाही, मग खाली बसून करतो आणि पोटाचा भाग भिजतो.

मापं देते. माझ्या वहीत पाच वर्षांपूर्वीचीही आहेत, म्हणून दोन्ही लिहिते, अंदाज येईल.

छातीचा घेर: तेव्हा ७२ सेंमी, आता ६९.
गळा: तेव्हा ४४, आता ४२.
मागच्या पायांच्या पुढे, पोटाचा घेर: तेव्हा ५८, आता ४९.
मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत: तेव्हा ५३, आता ५०. पाठीला बाक आलाय, म्हणून टेप कशीही धरली तरी आकडा जरा बदलतो.

लोकर जाडसर आहे, ५ मिमीच्या सुईवर १० सेंमीत १८ टाके येतात. बटणं कुठे घ्यावीत, पोटाची पट्टी कुठून कुठे न्यावी, आणि लघवीचं काय करावं, एवढं सांगा. तयार नमुना असेल तर सोन्याहून पिवळं.

– उसवलेली


सैल टाका:

स्वेटर हे नाव डोक्यातून काढा, झूल विणा. पाठीवर वरून टाकायची, छातीपुढे बंद करायची आणि पोटाखालून एक पट्टी. पायाची भोकंच नाहीत, म्हणजे पाय वाकवायचा प्रश्न मिटला, डोकंही वाचलं. तुमच्याच मापांवर हिशेब करून देते.

पाठीच्या तुकड्याने घेराचा दोन तृतीयांश भाग झाकला की पुरे. ६९ चे ४६ सेंमी. दर सेंमीला १.८ टाके, म्हणजे ८२.८. सम संख्या सोयीची म्हणून ८२ धरा. शेपटीकडून सुरुवात करा: ६० टाके घाला आणि एक ओळ सोडून एक, दोन्ही कडांना एकेक टाका वाढवा. २२ ओळींत ८२ होतील आणि मागचे कोपरे गोल येतील. मग वाढ न करता सरळ. एकूण लांबी ४५ झाली की थांबा, पूर्ण ५० करू नका. शी करायला बसताना पाठ वाकते तेव्हा मागचं टोक शेपटीखाली जाऊन बरबटतं. हे मी शिकले ते कसं, ते विचारू नका.

मग मधले २६ टाके बंद करा, ती मान. दोन्हीकडे २८-२८ उरतील. ते हळूहळू २० वर आणत प्रत्येक बाजू १८ सेंमी विणा. हे दोन पदर छातीपुढे एकमेकांवर येतील, तिथे दोन बटणं. गळा साधारण ४४-४५ चा मिळेल, ४२ च्या मानेला बरोबर.

वीण सगळी सुलट ठेवा. एक ओळ सुलट एक उलट केलीत तर कडा वळून त्याच्या अंगाखाली दोरीसारख्या रुततील. सगळी सुलट वीण लांबीला ताणते खरी, पण इथे लांबी पाठीवर आडवी टेकलेली असणार, लोंबणार नाही.

पोटाची पट्टी. गोटू कुठल्या कुशीवर झोपतो? डाव्या असेल तर पट्टी डाव्या कडेपासून काढा आणि पोटाखालून उजवीकडे वर, कण्याच्या जरा खाली, बटणात अडकवा. बटण कधीही बरगडीवर येऊ देऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर मांस राहत नाही, तासन्‌तास एकाच कुशीवर पडून बटणाखाली जखम होते. पट्टी वेगळी विणून शिवू नका, शिवणीचा उंचवटा टोचतो. कडेचेच टाके उचला. सगळ्या सुलट विणीत दर दोन ओळींचा एक उंचवटा दिसतो, त्या प्रत्येक उंचवट्याला एक टाका, असे २२ टाके. रुंदी १२ सेंमी होईल. सुरुवात काखेपासून तीन बोटं मागे, नाहीतर चालताना घासतं. लांबी ३३: उरलेला घेर २३ आणि वर चढायला १०. टोकाला तीन-तीन सेंमीवर काजांच्या तीन ओळी ठेवा, म्हणजे सैल-घट्ट करता येईल. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

आणि ही पट्टी लघवीच्या जागेच्या बरीच अलीकडे संपते. नर कुत्र्याला पूर्ण पोट झाकायचा हट्ट धरलात की रोज धुणं आलं.


गुंडाळी:

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. फक्त लोकर मशीनमध्ये चालणारी, म्हणजे सुपरवॉश घ्या. साध्या लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि झूल आटून जाड नमदा होतो. सुपरवॉशमध्ये त्या खवल्यांवर लेप असतो किंवा ते काढलेले असतात, म्हणून आटत नाही. उलट धुतल्यावर सैलावते. तेव्हा नमुन्याचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मगच टाके मोजा. तुमचे १८ हे धुण्याआधीचे की नंतरचे?


चार पाय:

स्वेटर क्षणभर बाजूला ठेवूया का? मी मापांशीच अडखळले. छाती ३ सेंमीने कमी आणि पोट ९ सेंमीने? आणि तुम्ही ते अगदी सहज लिहून गेलात. वय झालं की मागच्या पायांचे स्नायू झडतात, शरीर भार पुढच्या पायांवर टाकतं, हे खरं. पण एवढा फरक नुसत्या वयाचा आहे असं गृहीत धरू नका. शेवटचं वजन कधी केलंत? नीट खातो का? पाणी जास्त पितो का? रात्री झोपतो का?


उसवलेली:

१८ धुण्याआधीचे आहेत, चुकलंच. आज तुकडा धुतला.

चार पाय, तुमचा प्रतिसाद वाचून वही पुन्हा काढली. खरं सांगू, ती मापं लिहिताना माझ्या डोक्यात फक्त टाके होते. पोटाकडे कमी करायचे टाके वाढले, एवढंच मनात आलं. रोज डोळ्यांसमोर असणारं माणूस वाळलेलं जसं कळत नाही, तसं झालं. पाणी नेहमीइतकंच पितो. खातो, पण हळू, आणि हल्ली बरंच सांडतो. मला वाटायचं नजर कमी झाली म्हणून.

रात्रीचं मी लिहिलंच नव्हतं. दोन-अडीचला उठतो, घरभर नखं वाजवत फिरतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो. मी उठून त्याच्याजवळ बसते आणि हातात काहीतरी असावं म्हणून विणते. त्या वेळचं विणकाम सकाळी उसवावं लागतं, कारण तो उठला की मोजणी चुकते. म्हणून सध्या रात्रीला एक नुसतीच सुलट पट्टी ठेवली आहे, जिला काही व्हायचंच नाही. दीड मीटर झाली.


चार पाय:

उद्याच डॉक्टरांकडे न्या. कोपऱ्यात अडकणं आणि रात्री फिरणं हे म्हातारपणी मेंदू थकल्याचं लक्षण असू शकतं. दिवस-रात्र उलटी होते, ओळखीच्या जागेत गोंधळ उडतो. पण दुखण्यानेही कुत्रं असंच फिरतं, कारण पडून राहिलं की सांधे आखडतात. म्हणून आधी दुखणं, मूत्रपिंड, लघवीतला संसर्ग हे तपासून घ्यायचं. रात्रीचा एक छोटा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेल्यावर सगळे कुत्रे अगदी ठणठणीत असल्यासारखे चालतात.

तोवर घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका, पाव तुकडासुद्धा नाही. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामोलने कुत्रे दगावतात. फरशी गुळगुळीत असेल तर त्याच्या वाटेवर न घसरणारी सतरंजी टाका, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, रात्री एक मंद दिवा ठेवा.


सैल टाका:

त्या दीड मीटरच्या पट्टीला सांभाळा. म्हणजे लोकरीला. गोंधळलेलं कुत्रं कधी काय चघळेल नेम नसतो आणि पोटात गेलेला लांब धागा साध्या वस्तूपेक्षा वाईट. एक टोक कुठेतरी अडकतं, आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि धागा आतून कापत जातो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन पळा. मी रात्री विणून झालं की गुंडा, सुया, टाक्यांच्या खुणेचे कडे, सगळं झाकणाच्या डब्यात टाकते.


उसवलेली:

आठ दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

वजन १९ किलो भरलं. त्यांच्याकडे वर्षापूर्वीची नोंद २२ ची. तीन किलो म्हणजे जवळजवळ १४ टक्के. डॉक्टर म्हणाले, १० टक्क्यांच्या वर आपोआप घटलं तर कारण शोधायचंच. रक्त आणि लघवीत घाबरण्यासारखं काही निघालं नाही. निघालं ते तोंडात. वरच्या एका दाढेच्या मुळाशी पू होता. सांडत होता तो नजरेमुळे नाही, एका बाजूने चावत होता म्हणून. आणि दोन्ही कोपरांत सांधेदुखी, उजव्यात जास्त. दाढ काढली. या वयात भूल द्यायची म्हणून मी दिवसभर काहीही विणू शकले नाही, नुसती सुई हातात. दुखण्याचं औषध सुरू आहे, काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. रात्री अजून उठतो, पण एकदाच, आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहणं बरंच कमी झालंय. मेंदूचं काय ते थांबून बघू म्हणाले.

आता झुलीकडे. धुतल्यावर १८ चे १७ झाले, गुंडाळींचं बरोबर होतं. ४६ सेंमीला ७८ टाके घेतले: ५६ घालून ११ वाढी. पाठ झाली, छातीचे पदर झाले, काल रात्री पट्टीचे टाके उचलून १५ सेंमी विणली आणि सकाळी गोटूच्या अंगावर टाकून पाहिली तर पट्टी उजव्या कडेला! तो झोपतो डाव्या कुशीवर. म्हणजे बटण नेमकं त्याच्या अंगाखाली येणार. रात्री दोनला टाके उचलल्याचं फळ. पट्टी सगळी उसवू का? कडेचे उचललेले टाके उसवताना पाठीची कड खराब होईल अशी भीती वाटते.


सैल टाका:

अहो, उसवता कशाला? बटणं लावलीत का अजून? नसतील तर झूल पालथी घाला. सगळ्या सुलट विणीला दोन्ही बाजू सारख्याच. पालथी केली की उजवी कड डावीकडे येते. फक्त उचललेल्या टाक्यांची रेघ आता आतून येईल. तिच्यावरून अंगठा फिरवून बघा, खरखरीत लागली तर आतून एक मऊ कापडी पट्टी शिवा.


उसवलेली:

पालथी घातली. बसली! रेघ लागत नाही हाताला. एकही पाय न उचलता, तो उभ्या-उभ्या पेंगत असताना घालून झाली, त्याला पत्ताही नाही. पट्टीचे अजून १८ सेंमी आहेत. काजं शेवटी.